बाबागाडीचं तोंड कुणाकडे

१२ फेब्रुवारी

ती. बाबांना,
सा. न. वि. वि. नमस्कार बसूनच केला आहे. वाकले तर मांडीवरची व्यक्ती जागी होईल.

बाबागाडी काल दुपारी सुखरूप पोचली. तुम्ही तिला एवढं गोणपाट आणि सुतळी गुंडाळली होती की ती सोडवायला ह्यांना बायंडिंगच्या कारखान्यात परत जाऊन मोठी कात्री आणावी लागली. पण आतली वस्तू बाहेर आल्यावर आम्ही दोघंही बघतच राहिलो. पाइपाच्या कडा इतक्या घासल्या आहेत की मी बोट फिरवून फिरवून पाहिलं, कुठेही टोचलं नाही. मूठ बरोबर माझ्या कमरेला येते, म्हणजे माझी उंची तुम्हाला अजून पाठ आहे. चाकं जराही करकरत नाहीत, असं तळमजल्यावरच्या शिक्षिकाबाईंनी सांगितलं. आम्ही दोघं बहिरे, त्यामुळे त्या गुणाचं कौतुक करायला ह्या घरात ऐकू येणारं माणूस एकच, आणि ते साडेचार महिन्यांचं आहे.

बाईसाहेब गाडीत अशा बसल्या की जणू कचेरी तपासायला निघाल्या आहेत. तुम्ही ठेवलेलं हे नाव तिला आता चिकटलं, खरं नाव कुणी घेत नाही. सोमवारपासून ती माझ्याबरोबर शिवणाच्या दुकानात येणार. मालकीणबाईंनी कापडाच्या ताग्यांमागे गाडीपुरती जागा करून दिली आहे. घर ते दुकान चालत चाळीस मिनिटं, येतानाही तेवढीच.

एकच विचारते. सीटचं तोंड रस्त्याकडे आहे, म्हणजे ढकलताना मला तिच्या टोपीचा गोंडा तेवढा दिसतो. क्लिनिकमधल्या नर्सबाईंनी कागदावर लिहून सांगितलं, की पहिल्या वर्षात बाळाचं तोंड आईकडे असलेलं बरं. बाळ शांत राहतं, आणि चेहरा बघून बघूनच ते शिकत असतं. सीट फिरवता येईल ना? पाना कितीचा लागेल तेवढं कळवा, मी फिरवते.

आईला नमस्कार. लोभ आहेच, तो लवकर आलेल्या उत्तरात दिसू द्या.

आपली,
मुंगी


२४ फेब्रुवारी

चि. मुंगीस,
अनेक उत्तम आशीर्वाद. त्यातले निम्मे बाईसाहेबांना काढून दे.

गोणपाटाची चेष्टा करू नकोस. वाटेत रंगाला ओरखडा गेला असता तर तूच मला तीन पानी पत्र लिहिलं असतंस.

सीटचं म्हणशील तर ती आहे तशीच बरी. गाडीत बसलेल्याने पुढचा रस्ता बघावा. उलटं तोंड करून बसणाऱ्याला मळमळतं, हा माझा स्वतःचा अनुभव आहे. आईचा चेहरा काय, तो घरी आहेच. बाहेर पडल्यावर पोरीने दुकानं बघावीत, कुत्री बघावीत, माणसं बघावीत. आणि बाळ दिसलं की माणसं थांबतात, दोन शब्द बोलतात. ते शब्द तिच्या कानांवर पडू देत. नर्सबाईंनी आजवर किती गाड्या बनवल्या आहेत ते एकदा विचारून घे.

इकडे एका शाळेच्या फाटकाचं काम चालू आहे. पाठ दुखते, पण ती काही आजची नाही. जावईबापूंना सांग, चाकांच्या बेअरिंगना महिन्यातून एकदा तेल द्यायचं.

सगळ्यांनी जपून असा, माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नका.

तुझा,
बाबा

(समासात, आडवं) मी, आई. पाना कितीचा ते ह्यांनी लिहिलंच नाही. मी विचारलं तर उठून हात धुवायला गेले. तू गाडी उलटी करून बघ.


१६ मार्च

ती. बाबांना,
नमस्कार. आज अक्षर सांभाळून घ्या.

काल दुकानाकडे जाताना मधल्या चौकात एका बाईंनी माझा दंड धरून मला थांबवलं. रागावलेल्या माणसाचे ओठ वाचणं कठीण असतं, त्यांचं निम्मं बोलणं निसटलं. शेवटचं मात्र नीट कळलं. लेकरू केव्हाचं रडतंय, ऐकू येत नाही का, असं त्यांनी मला विचारलं.

मी पुढे होऊन पाहिलं. पट्ट्याच्या बकलात तिची करंगळी अडकली होती. चेहरा लालबुंद, टोपीची नाडी अश्रूंनी भिजलेली. तिचा आवाजसुद्धा बसला आहे, असं संध्याकाळी शिक्षिकाबाईंनी सांगितलं. म्हणजे किती वेळ रडली असेल? पूल ओलांडल्यापासून? आणि मी त्या वेळात दुकानांच्या काचांमागचे कपडे बघत मजेत चालले होते. बाबा, इतर आयांना पाठमोरं बाळ निदान ऐकू येतं. मला ती दिसली नाही तर मला तिचं काहीच कळत नाही.

घरी येऊन गाडी उलटी केली आणि ह्यांचे सगळे पाने घेऊन बसले. एकही नट नाही. चारही कोपऱ्यांना वेल्डिंग आणि वरून रंगाचा हात. तुमच्या हातची अशी दुसरी वस्तू मला माहीत नाही. माणसाच्या वापराच्या वस्तूला नटबोल्ट, वेल्डिंग खिडकीच्या गजांना, हे तुम्ही प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवता. आपला पलंग उघडतो, आईची मांडणी उघडते, माझं अभ्यासाचं टेबल मी वाढले तसं चार वेळा उंच झालं. आणि नेमकी ह्या गाडीची सीट तुम्ही कायमची जोडून टाकलीत. विसरलो म्हणू नका. तुम्ही नट विसरणारे नाही.

आज लोभ मागत नाही, कारण मागते.

मुंगी


९ एप्रिल

चि. मुंगीस,
आशीर्वाद. उत्तराला उशीर झाला. चार कागद फाडले, हा पाचवा.

करंगळीचं वाचून तुझ्या आईने माझ्याशी दोन दिवस अबोला धरला. बरोबरच केलं. बकल मी बसवलं होतं, त्याची फट मीच बघायला हवी होती.

आता कारण. तू चार वर्षांची असताना शाळेच्या मोठ्या बाईंनी मला समोर बसवून बजावलं, की हिला हातवारे करू दिलेत तर ही जन्मात तोंडाने बोलणार नाही. मी फार शिकलेला नाही. शाळेने सांगितलं ते धरून बसलो. जेवताना तुझे हात टेबलाखाली ठेवायला लावले ते मीच. पुढे तू बोलायला शिकलीस, ओठ वाचायला शिकलीस, आज दुकानात गिऱ्हाईक सांभाळतेस. मला वाटलं, जमलं आपल्याला.

बाईसाहेबांचे कान चांगले आहेत असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा मी कारखान्यात सगळ्यांना चहा पाजला. पण मग घोर लागला. घरात तुम्ही दोघं, दोघंही हातांनी बोलणारे. चांगले कान असून पोर मुकी राहिली तर? तिचं तोंड तुझ्याकडे असलं की ती तुझे हात बघणार आणि हातच शिकणार. म्हणून मी ते रस्त्याकडे केलं, जिथे लोक बोलतात. नट टाकले असते तर तू दुसऱ्या दिवशी सीट फिरवली असतीस, म्हणून टाकले नाहीत. जाणूनबुजून केलं. वेल्डिंग करताना हात कचरला, पण केलं.

तू रागावशील, रागाव. पोरीने बोलावं एवढंच माझं म्हणणं आहे, आणि ते चूक आहे असं मला अजून वाटत नाही.

तुझा,
बाबा


२५ एप्रिल

ती. बाबांना,
नमस्कार. रागातही तो चुकवू नये, ही तुमचीच शिकवण.

खरं सांगितलंत, ते बरं केलंत. आता माझंही ऐका. त्या जेवणाच्या टेबलावर तुम्ही, आई आणि आत्या पोट धरून हसायचात, आणि कशाला ते मला कळायचं नाही. विचारायला हात वर आला की तुमची नजर यायची. मग मीही सगळ्यांबरोबर हसायचे. सोळाव्या वर्षी शिकायला बाहेरगावी जाईपर्यंत मी माझ्याच घरात अंदाजाने हसले, बाबा. तोंडाने बोलायला शिकले खरी, पण तुमच्याशी काय बोलले? मीठ द्या, निघते, पोचले. बाकी जे काही आपण बोललो ते पत्रांतच.

बाईसाहेबांना शब्द मिळतील. शिक्षिकाबाई रोज तासभर तिला घेऊन गप्पा मारत बसतात. दुकानात प्रत्येक गिऱ्हाईक तिच्याशी बोलतं. मालकीणबाईंचा आवाज तर शिवणयंत्रांच्या वर जातो म्हणे. जगात बोलणाऱ्यांना तोटा नाही. पण तिची आई एक आहे, आणि त्या आईचं बोलणं हातांत आणि चेहऱ्यावर आहे. दुकानात हे हात कामात अडकलेले, घरी धुण्याभांड्यांत. जातायेतानाची चाळीस चाळीस मिनिटंच आम्हा दोघींची. एका हाताने ढकलीन, दुसऱ्याने बोलेन. उद्या ती साऱ्या जगाशी बोलेल आणि आईसमोर मात्र अंदाजाने हसेल, हे मी होऊ देणार नाही.

कोपऱ्यावरचा गॅरेजवाला सीट पाच मिनिटांत कापून देतो म्हणाला. मी त्याला अजून दिलेली नाही. वेल्डिंग तुमचं आहे, ते तुमच्या हातून निघावं असं मला मनापासून वाटतं. महिनाभर थांबते. तोवर तिला कडेवर घेऊन जाते. खांदे भरून येतात, पण तोंड दिसतं.

लोभ असेल तर या.

आपली,
मुंगी


६ मे

चि. मुंगीस,
आशीर्वाद. रविवारी सकाळच्या गाडीने येतो. वेल्डिंग कापायला ग्राइंडर, रंगाचा छोटा डबा आणि आठ नटबोल्ट आणतो आहे. दुपारी परत निघेन, फाटकाचं काम अडलं आहे.

तुझं सगळं पटलं असं समजू नकोस. पण ते अंदाजाने हसण्याचं वाक्य डोक्यातून जात नाही.

पाना तेरा नंबरचा लागेल.

तुझा,
बाबा


३ ऑक्टोबर

चि. मुंगीस,
आशीर्वाद. सुखरूप पोचलो. तुमच्याकडचे पाच दिवस कसे गेले कळलं नाही. परत आल्यापासून तुझी आई रोज तेच तेच विचारते आणि मी रोज तेच तेच सांगतो.

तू दुकानात गेलीस की मी बाईसाहेबांना बागेत नेत होतो. समोर तोंड करून बसलेल्या पोरीला ढकलायची माझी ही पहिलीच वेळ. फार अवघड असतं गं! ती सारखी तोंडाकडे बघते. चाळीस वर्षांच्या कामात माझ्याकडे कुणी इतका वेळ बघितलेलं नाही. पहिल्या दिवशी उगाच घसा खाकरला, मग हवेबद्दल बोललो, मग कारखान्यातली झाडून सगळी हत्यारं सांगून झाली. ती ऐकत होती. दूध वर आलं ते लगेच दिसलं, ऊन डोळ्यांवर आलं ते दिसलं, आणि झोप येणार हे तर मला तिच्या आधी कळलं. नर्सबाईंना माझा नमस्कार सांग. मळमळण्याचं मी जे लिहिलं होतं ते मनावर घेऊ नये म्हणावं.

आणि शेवटच्या दिवशी बागेत कुत्रा बघून बाईसाहेब भू म्हणाल्या, चांगल्या खणखणीत. मुद्दाम कळवतो, तुला हे पत्रातूनच कळणार. पोर बोलणार, माझा घोर फुकट होता.

एक काळजीची गोष्ट आहे. मी समोर आलो की ती उजवा तळवा कपाळावर आपटते आणि तोंडावरून हनुवटीपर्यंत खाली ओढते. सकाळी मी खोलीत शिरलो की हमखास, बागेतही दोनतीनदा. डोळे चुरचुरत असावेत. माझ्या कपड्यांना लोखंडाची भुकटी असते, तिची बाधा नको म्हणून जावईबापूंचा सदरा घालून पाहिला, तरी तेच. तुलाही लहानपणी हीच खोड होती. मी कामावरून येऊन दारात उभा राहिलो की तू असाच हात ओढायचीस. डोळे लाल होतील म्हणून मी तो धरून खाली करायचो. तुझे डोळे पुढे चांगले राहिले, पण हिला एकदा डॉक्टरांना दाखव. डोळ्यांशी खेळ नको, हे वेल्डरचं सांगणं आहे.

सांभाळून असा. म्हाताऱ्याला पत्र टाकायला विसरू नका.

तुझा,
बाबा


१० ऑक्टोबर

ती. बाबांना,
नमस्कार, आणि आज उठून, वाकून केलेला.

बाईसाहेबांचे डोळे उत्तम आहेत. डॉक्टरांची गरज नाही.

काम सुरू करताना तुम्ही वेल्डिंगचा मुखवटा कपाळावरून खाली ओढता ना, ते मी चार वर्षांची असताना कारखान्याच्या दारात उभी राहून बघायचे. आईसाठी मी एक खूण केली होती, आत्यासाठी एक होती, तुमच्यासाठी ही केली. आईला ती माहीत आहे. तुम्ही घरी नसताना आम्ही दोघी तुमच्याबद्दल हातांनी बोलायचो, तेव्हा हीच वापरायचो. बाईसाहेबांना मी ती रस्त्याने जातायेताना शिकवली, तुमचा फोटो गाडीच्या मुठीला बांधून.

ती खोड नव्हती, बाबा. ते तुमचं नाव आहे. तुम्ही दारात आलात की मी तुम्हाला हाक मारत होते.

आता ती हाक मारेल तेव्हा ओ द्या.

आपली,
मुंगी