मागून आलेला शब्द

शुक्रवार, रात्रीचं जेवण व्हायचंय

गॅरेज माझं, पण इथल्या संध्याकाळच्या, मगरिबच्या नमाजला सगळ्यांच्या पुढे उभा राहतो माझाच मेकॅनिक रफिक. ज्याला कुराण जास्त पाठ, तो पुढे. तिथे शेठ-नोकर नाही. मान्य आहे. तरी सजद्यात कपाळ टेकताना त्याच्या भेगाळ टाचा दिसल्या की माझ्या पोटात दुखतं.

आज मुद्दाम त्याला पंचवटीत गाडी पोचवायला धाडलं आणि स्वतः पुढे उभा राहिलो. कुराणातली आयत म्हणता म्हणता मध्येच अडकलो. तेवढ्यात मागून कुणीतरी हळूच पुढचा शब्द दिला. रफिकच! कधी परतला हा?

नंतर म्हणाला, "शेठ, उद्याही तुम्हीच उभे राहा. मी आहे ना मागे."

टोमणाही नाही मारला मेल्याने. आज माझ्या टाचा त्याच्यासमोर होत्या. त्याने पाहिल्याही नसतील.