सहीचा नकाशा

दि. ३ मे

ती. दादास,
सा. न. वि. वि.

आधी वहिनींच्या गुडघ्याची चौकशी करायला हवी, पण आज माझं डोकं ठिकाणावर नाही. तू जिच्या काचा बसवल्यास, ती आमच्या विद्यापीठातली नवी इमारत आठवते ना? पर्यावरणपूरक म्हणून तिला प्रमाणपत्र मिळायचंय. तिच्याच पश्चिमेच्या वर्गात मी पर्यावरणपूरक वास्तुरचना शिकवते आणि दुपारी तिथे पुठ्ठ्याच्या मॉडेलांचा गोंद सुटून भिंती आडव्या होतात.

माझ्या विद्यार्थ्यांनी सहा महिने तासातासाला तापमान मोजलं. बाहेर तेहतीस, आत अडतीस. विभागप्रमुख काल म्हणाले की प्रमाणपत्रासाठीच्या अहवालातून पश्चिमेचे वर्ग वगळा, नाहीतर थर्मामीटर उत्तरेच्या बोळात टांगून पुन्हा मोजा. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मुलांची मेहनत पाण्यात गेली तरी चालेल, यांची पाटी झळकली पाहिजे. वीस तारखेला माझ्या सहीने अहवाल जायचाय.

मूळ नकाशात त्या खिडक्यांवर ऊन अडवणारे रुंद छज्जे होते. ते कोणी उडवले, एवढंच मला हवंय. तू कागद फेकत नाहीस, तेव्हा शोधून पाठव. त्या माणसाला मी सोडणार नाही.

राग तुझ्यावर नाही, तेव्हा लोभ नेहमीइतकाच ठेव.

तुझी,
धाकटी

दि. ८ मे

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या वहिनीचा गुडघा बरा आहे, जीभ तर आधीपासूनच बरी होती. कागद माळ्यावर कुठेतरी असतील. माझं ऐकशील तर खरं तापमान लिहून मोकळी हो. कोणी उडवले ते उकरून काय करणार? छज्जे आताही बांधता येतील, त्यासाठी कोणाची मानगूट धरायला नको. लहानपणापासून तुझ्या नाकावर राग. जेवत जा वेळेवर.

आमची आठवण असू दे.

दादा

दि. १२ मे

ती. दादास,
सा. न. (आज एवढाच.)

माळा तुझा, कागद तुझे आणि मला उपदेश कसले करतोस? विभागप्रमुखांनी काल सगळ्यांसमोर मुलांच्या तापमानाच्या वह्यांना पोरखेळ म्हटलं. एक मुलगी रडत बाहेर गेली. तू कोणाला पाठीशी घालतोयस? त्यांनी तुला पुढचं काम देऊ केलंय का? तसं असेल तर सरळ लिही, म्हणजे मी तुझ्यावरची आशा सोडते.

वहिनींना मात्र मनापासून नमस्कार.

धाकटी

दि. १५ मे

चि. धाकटीस,
आशीर्वाद. तुला नको असले तरी.

नकाशा सोबत आहे. माळ्यावर नव्हता, माझ्या कपाटातच होता. इमारत फोटोत चकचकीत दिसावी म्हणून छज्ज्यांवर काट मारली विभागप्रमुखांनीच. पण खाली मंजुरीची सही बघ. बांधकाम समितीवर तेव्हा तू होतीस. तो कागद घेऊन मीच तुझ्या खोलीत आलो होतो. छज्जे गेलेत, असं दारातून म्हणालोही. तू मान वर न करता हूं म्हणालीस आणि सही केलीस. छज्ज्यांवरचाच शोधनिबंध पाठवायचा तुझा शेवटचा दिवस होता.

मला वाटलं, ती शिकवते, तिला कळत असेल. मग मी काचा बसवल्या. पाठीशी मी तुलाच घालत होतो. आणि स्वतःलाही.

रागावलीस तरी पत्र टाक.

दादा

दि. २१ मे

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पहिला दिवस तुझा राग राग केला. दुसऱ्या दिवशी तो उचलून जागेवर ठेवला, म्हणजे माझ्यावर. विभागप्रमुखांवरचा आहे तसाच आहे.

काल अहवाल दिला, पश्चिमेच्या सगळ्या तापमानांसकट, आणि पहिल्या पानाला तो नकाशा जोडून. विभागप्रमुख म्हणाले की यात तुमचंही नाव खराब होईल. मी म्हटलं, म्हणूनच पहिलं पान. पुढच्या वर्षी हा विषय माझ्याकडे राहणार नाही, असं त्यांनी तिथेच सांगून टाकलं.

त्याआधी नकाशाची एक प्रत मी त्याच तापलेल्या वर्गात भिंतीवर लावली आणि झालं ते मुलांना सांगितलं. मग ती रडलेली मुलगी उठली. नकाशात छज्जे विसरली म्हणून मी वर्षभर तिचे गुण कापलेत. तिने अगदी नम्रपणे विचारलं की या नकाशाला किती गुण द्याल. मला फार लाज वाटली, दादा. मी लाल पेनाने शून्य लिहिलं आणि खाली सही केली. या वेळी वाचून.

वहिनींना नमस्कार. लोभ आहेच. पण पुन्हा कधी असा कागद आणलास, तर दारातून बोलू नकोस. आत येऊन माझ्या हातातलं पेन काढून घे.

तुझी,
धाकटी