अकाइतीची इस्त्री

४ जून

पुन्हा कमी! जांभळ्या तुकड्यांची थैली शनिवारी मोजून ठेवली होती — दोनशे चाळीस. आज दोनशे अकरा. पाय फुटले का त्यांना?

थैल्यांच्या शेजारी कोण बसलं होतं? अकाइती. माझ्या भावाची बायको. तीस वर्षं शेजारी बसते आहे, तेव्हा त्यात नवल नाही. पण आज बसताना तिने थैली अशी मांडीआड ओढली, की मी पाहिलं नाही असं तिला वाटावं. मी पाहिलं.

बोलले नाही. मोएरोआच्या लग्नाची गोधडी आहे, उगाच अपशकुन नको. एकतीस ऑगस्टला माझी लेक ऑकलंडहून येऊन याच अंगणात उभी राहणार, आणि दोघांच्या खांद्यांवर ही गोधडी पडणार. अख्ख्या माउके बेटाने बघत राहावं अशी! नखाएवढे तुकडे, हजारो. त्यात तिच्या शाळेच्या झग्याचे आहेत, माझ्या नवऱ्याच्या शर्टाचे आहेत, चर्चच्या जुन्या पडद्यांचे आहेत. नमुना माझा. मी काढलेला, चार वर्षं डोकं घालून.

११ जून

मंगळवारची बैठक. आम्ही पाच जणी. रीत तीच — नमुन्याचा कागद फक्त माझ्याकडे. मी कागदावरचा क्रम बघायचा, तसे तुकडे दोऱ्यात ओवायचे, शेवटी माझी गाठ मारायची आणि एकेकीच्या हातात माळ द्यायची. एक माळ, एक पट्टी. माळेत जे आहे ते आहे त्या क्रमाने शिवायचं. विचारायचं नाही, बदलायचं नाही. माझ्या आईच्या हातात कागद होता तेव्हा आम्हीही हूं की चूं केलं नाही.

शिवून झालेल्या पट्ट्या अकाइती घेऊन गेली. "इस्त्री करून आणते, वन्सं."

इस्त्री माझ्याकडेही आहे की!

"तुमची जळकी आहे. पांढऱ्यावर डाग पडेल."

असेल. पण इस्त्रीला चार दिवस लागतात? मागच्या खेपेला शुक्रवारी पाठवल्या होत्या. काहीतरी पाणी मुरतंय.

१३ जून

पोको पपया घेऊन आली. अकाइतीची लेक, गोड पोरगी. शिवण मीच शिकवलं तिला. सुईत दोराही तीच ओवून देते मला — आजकालच्या सुयांची भोकंच कसली बारीक करतात!

तिची बोटं बघितली. टोचून टोचून लाल झालेली. म्हटलं, "काय गं, तुझी माळ तर मंगळवारीच संपली. एवढं काय शिवतेस घरी?"

"काही नाही आत्या." आणि हात मागे!

पोकोला खोटं बोलता येत नाही. कान लाल होतात तिचे. आज झाले असणार, मला उन्हामुळे नीट कळलं नाही.

१६ जून

चर्च सुटल्यावर तेपाएरूने गाठलं. ही पलीकडच्या गावची, आमच्यात शिवायला येते, आणि जिथे जाईल तिथली बातमी पदराला बांधून आणते.

"तुआइने, तुझ्या वहिनीकडे काय चाललंय? दोनदा गेले, दोनदा पलंगभर तुकडे पसरलेले! मी आत गेले तर पोकोने चादर टाकली वरून."

"इस्त्री असेल," म्हटलं मी.

"चादर टाकून इस्त्री?" आणि मग हळूच, "ऑगस्टात मोठ्या बेटावर, रारोटोंगाला, सगळ्या बेटांच्या गोधड्या मांडणार आहेत म्हणे. पहिल्या गोधडीचं नाव रेडिओवर सांगतात."

घरी आले. जेवण गेलं नाही. उकडलेला तारोचा कंद तसाच झाकून ठेवला.

१८ जून

आता खात्री! इस्त्री होऊन आलेल्या पट्ट्या मी डोळे मिटून चाचपल्या. बोटं खोटं सांगत नाहीत. शिवणीच्या बाजूला सुईची जुनी भोकं आहेत. एकेका पट्टीत सात-सात, आठ-आठ ठिकाणी. म्हणजे शिवण उसवली आहे आणि परत मारली आहे.

का उसवावी कुणी? क्रम उतरवून घ्यायला! कागद मिळत नाही, म्हणून पट्टीच उलगडून बघते. आणि माझे तुकडे उचलून आपली गोधडी उभी करते. जांभळे एकोणतीस गेले ते तिकडे.

अकाइती! माझ्या बाळंतपणात जिने माझे कपडे धुतले ती अकाइती!

तिला हवा असता तर मी दिला असता का नमुना? नसता दिला. ते खरं. पण मागून तरी बघायचा.

२१ जून

बल्ब बदलला. काही फरक नाही. भिकार माल पाठवतात बोटीने.

२५ जून

आज सापळा लावला. अकाइतीच्या माळेत नवव्या जागी पांढरा हवा, तिथे मुद्दाम तांबडा ओवला. माझ्या नवऱ्याच्या शर्टाचा, जाडजूड, हाताला लगेच कळणारा. आता बघू. तिच्याकडे फक्त माझी माळ असेल, तर नववा तांबडाच येईल — रीत आहे ती. पण चोरून उतरवलेला कागद तिच्या उशाखाली असेल, तर तिला चूक दिसेल आणि हात शिवशिवतील.

माळ तिच्या हातात ठेवली. ती म्हणाली, "वन्सं, बरं वाटत नाही का? चेहरा उतरलाय." केवढी ती माया! साळसूदपणा शिकावा तो हिच्याकडून.

२ जुलै

नववा पांढरा आहे.

चाचपला. परत चाचपला. दारात उन्हात धरला. पातळ, गुळगुळीत, पांढरा.

मला वाटलं होतं, आनंद होईल. पकडली ना! पण नाही झाला. खरं सांगायचं तर तांबडा निघावा असंच वाटत होतं मला.

९ जुलै

झालं एकदाचं. लिहून काढते, नाहीतर डोक्यात तेच तेच फिरेल.

सगळ्या बसल्यावर मी माळा वाटल्या. अकाइतीने हात पुढे केला, मी दिली नाही.

"मला?"

"तुला कशाला? तुझ्याकडे कागद आहे ना!"

"कुठला कागद, वन्सं?"

"माझा! माझ्या पट्ट्या उसवून उसवून केलेला! नाही म्हण. माझ्या डोळ्यात बघून नाही म्हण, की तू माझ्या पट्ट्या उसवत नाहीस!"

नाही म्हणाली नाही. पोको उठून उभी राहिली, "आई, सांग ना! सांगून टाक ना एकदाचं!"

"चूप बस," अकाइती म्हणाली. पोरीवर असा आवाज चढवलेला मी कधी ऐकला नव्हता. मग आपलं सुईचं डबडं उचललं, झगा झटकला. "बरं वन्सं. येते मी." एवढंच! पोको रडत रडत तिच्या मागून गेली.

ना एक शिवी, ना एक शपथ. भांडली असती तर बरं झालं असतं. मी तयारीत होते.

१२ जुलै

भाऊ आला. तारोची जुडी घेऊन, म्हणजे काहीतरी निमित्त हवं ना. ओट्यावर बसला, पाय हलवत राहिला.

"तुम्ही दोघी काय ते बघा बाई. पण ती जेवत नाही धड."

"चोरी पचायला जड जात असेल."

"तुआइने!" म्हणाला. आणि मग, "तू डोळ्यात तेल घालून सगळ्यांवर पहारा करतेस, एकदा ..." आणि थांबला.

"एकदा काय?"

"काही नाही. मला बोलायला बंदी आहे."

बघा! घरात कटच शिजलाय. माझा सख्खा भाऊ! तारो ठेवून घेतला, पण चहा विचारला नाही.

२३ जुलै

त्या दिवसापासून दोन पट्ट्या झाल्या, सहा राहिल्यात. आता आम्ही तिघी. सगळ्या माळा मीच ओवते, थैल्या माझ्याच पलंगाखाली असतात, एक तुकडा इकडचा तिकडे होत नाही. इस्त्रीही माझीच. भोकं नाहीत, उसवणं नाही. स्वच्छ काम!

बायका मात्र मान वर करत नाहीत. शिवताना आधी केवढ्या खिदळायच्या. तेपाएरूसुद्धा गप्प. मी म्हटलं, "काय गं, आज बातमी नाही?" तर म्हणते, "आम्ही काय, माळेत आहे तसं शिवतो बाई."

मग? तसंच शिवायचं असतं!

४ ऑगस्ट

काल रारोटोंगाच्या विमानातून आमच्या बेटाच्या चार गोधड्या गेल्या. अकाइतीची नाही. तेपाएरूने गाठोडी बांधताना डोळ्यांनी बघितलं.

मग ती गोधडी गेली कुठे?

दुपारभर विचार केला आणि लक्षात आलं. लग्नात काढणार! सगळ्या गावासमोर माझ्या लेकीच्या खांद्यांवर माझाच नमुना टाकणार, स्वतःचा म्हणून, माझ्या आधी! मामी म्हणून पहिला मान तिचाच येतो. त्यासाठीच तोंड बंद ठेवून बसली आहे.

असं होऊ देणार नाही. मोएरोआ आली की पहिलं तिला सांगणार.

९ ऑगस्ट

शेवटचा टाका घातला. अठ्ठेचाळीस पट्ट्या. रडले थोडी. त्या वेळी शेजारी बसायला कुणी हवं होतं. कोण ते लिहीत नाही.

१५ ऑगस्ट

आली माझी बाय! बारीक झालीये. विमानतळावर गळ्यात हार घालायला अकाइती आणि पोकोही होत्या, लांब उभ्या. माझ्याकडे नजर नाही.

घरी येऊन मी तिला केळ्याचं पोके, नारळाच्या दुधातलं, खाऊ घातलं आणि मग गोधडी उलगडली. अख्खी, अंगणात दोरीवर. बायका जमल्या होत्या. सगळ्या गप्प झाल्या! असं गप्प होण्यासारखंच झालंय ते.

मोएरोआ बराच वेळ बघत राहिली. जवळ गेली, लांब गेली, परत जवळ. मग म्हणाली, "आई, डोळे कधी दाखवले होतेस?"

पोरगी दोन वर्षांनी आईची गोधडी बघते आणि विचारते काय — डोळे! म्हटलं, "डोळ्यांना काय धाड भरलीये? आधी मामीचे पराक्रम ऐक." सगळं सांगितलं. थैल्या, उसवलेली भोकं, सापळा, नववा पांढरा. ती ऐकत होती आणि रडत होती. मला वाटलं, आईच्या बाजूने रडते आहे.

आणि संध्याकाळी? मला न सांगता मामीकडे! दोन तास! तिलाही फितवली.

१७ ऑगस्ट

माझ्याशी फार गोड बोलते आहे. मला नाही आवडत.

१८ ऑगस्ट

रविवारी दोरीवर काही घालत नाहीत, तरी मोएरोआने गोधडी घातली. माझा हात धरला आणि पट्टी पट्टी करत बोटांवरून नेलं. "इथपर्यंत सगळं बरोबर, आई. किती सुंदर आहे! आता इथून बघ. जांभळ्यात तपकिरी आलंय. निळ्यात काळं. फुलाचा आकारच राहिला नाही."

मी चिडले, मग तिने बोट ठेवलं तशा पट्ट्या मोजल्या. बिघडलेल्या पट्ट्या आठ. शेवटच्या आठ. वहिनीला घालवल्यानंतरच्या.

मोएरोआ म्हणाली, "मागच्या ईस्टरपासून मामी तुझ्या चुकलेल्या माळा उसवून, आधीच्या पट्ट्यांवरचं फूल बघून नीट शिवते आहे. थैलीतले जांभळे त्यातच गेले. बायकांनी तिला दोनदा म्हटलं, कागद आता तू घे. ती म्हणाली, वन्सं बसलेल्या असताना नाही."

चर्चची घंटा झाली. मी तशीच निघाले, अनवाणी. वहिनी ओट्यावर तारोची पानं निवडत होती. मी समोर उभी राहिले आणि म्हटलं, "वहिनी, मला दिसत नाही गं." आजवर कुणाला म्हटलं नव्हतं. इथेही लिहिलं नव्हतं.

तिने वर बघितलं नाही.

"ठाऊक आहे. बसा आधी. गोधडी आणलीत का? त्या आठ पट्ट्या उसवू."