काचेमागची गोधडी

प्रिय आईस,
नमस्कार. तब्येत बरी आहे, जेवण वेळेवर होतं.

जुन्या छावणीतले अधिकाऱ्यांचे बंगले लोकांना दाखवायचं काम चालू आहे. राहायला एका बंगल्याची मागची खोली दिलीय. दार उघडं दिसलं की पाहुणे सरळ आत शिरतात. परवा त्यांना माझी खाटही जुन्या काळची वाटून आवडली. झालं, आमच्या इथल्या साहेबांनी तू शिवलेली गोधडी उचलून काचेच्या कपाटात ठेवली. पाटी लावली, ‘शिपायाचं पांघरूण’. माझी आहे, माझी आहे सांगून तोंड दुखलं. साहेब म्हणतात, "आता नोंद झाली."

रोज मीच लोकांना सांगतो, हात लावू नका.

बाबांचा गुडघा कसा आहे? इथे थंडी फारशी नाही. तरी जमलं तर दुसरी गोधडी पाठव. पण नव्या कापडाची शिव. जुनी दिसली की तीही काचेत जाईल.

तुझा,
धाकटा