बर्फाचा जोगवा

तुळजापूर, मार्गशीर्ष, १९६१

तीर्थरूप आत्याबाईंना सून वनमालाचा नमस्कार.

तुम्ही वन्संकडं जळकोटला गेलात आणि मागं आम्ही प्रभाच्या घशातल्या गाठी काढून आणल्या. सकाळच्या गाडीनं उस्मानाबादच्या दवाखान्यात गेलो, दिवेलागणीला घरी. पोरगी आता शांत निजलीय.

एक कबूल करते. तुम्ही नवसानं तिच्या गळ्यात बांधलेली कवड्यांची माळ नर्सबाईंनी काढायला लावली. पाच वर्षांची होईस्तोवर काढायची नाही, असं तुम्ही बजावलं होतं. गाठ सुटेना, म्हणून मी दोरा दातानं तोडला. माळ खाली कुठं ठेवणार? माझ्याच गळ्यात बांधली आणि दाराशी बसून राहिले. हे तर बाहेर पायरीवर जाऊन बसले.

भुलीतून जागी झाल्यावर तिला बोलता येईना. नर्सबाईंनी चोखायला वाटीत बर्फ दिला. तेवढ्यात तिला माझ्या गळ्यातली माळ दिसली. मंगळवारी अशाच माळा घालून बाया दारात येतात आणि तुम्ही प्रभाच्या हातानं त्यांना जोगव्याचं पीठ वाढता. तिनं बर्फाचा एक खडा उचलला आणि माझ्या पदरात घातला.

जोगवा टाकून द्यायचा नसतो, म्हणून मी खाल्ला. लई गार होता, आणि मला हसू आवरेना.

माळ नव्या दोऱ्यात तिच्या गळ्यात आहे. गाठ तुमच्यासारखी बसली नाही, तुम्ही आल्या आल्या ओळखाल. म्हणून हे पत्र टपालाच्या पेटीत टाकत नाही, तुम्ही दारात आलात की माळ दिसायच्या आधी तुमच्या हातात देईन. रागवायचं तर रागवा, पण आधी प्रभाला विचारा, आईच्या पदरात काय घातलंस?

तुमची,
वनमाला