‘अहो’ म्हटल्यावर सगळेच वळले

रावेर,
१८ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. भाविकास,
आईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र का लिहिते म्हणून विचारू नकोस. फोन मी बंद करून कपाटात टाकला आहे. तो उघडला की घरच्या ग्रुपवर मीच दिसते, लाल हेल्मेट घालून बोंबलताना!

पशुपतिनाथाचं दर्शन सांगून नेपाळला नेलंस आणि त्रिशूली नदीत रबरी होडीत बसवलंस. अगं, मला धड विहिरीत वाकून बघवत नाही! होडीवाल्याने हिंदीत बजावलं होतं, कोणी पडलं तर नावाने हाक मारा, म्हणजे माणूस वळून वल्ह्याचा दांडा धरतो. आणि नेमके हेच पडले. मी अहो, अहो म्हणून ओरडले, तर होडीतले सगळे नवरे माझ्याकडे वळले. आपल्या शेजारचे अमृतभाऊ तर काय झालं म्हणून विचारायला उठले नि तेही पाण्यात! हे मात्र वळेनात, कारण मागच्या होडीतल्या बायकाही अहो-अहोच करत होत्या. होडीवाला माझ्यावर खेकसतोय, नाम बोलो, नाम बोलो. नाव घ्यायचं तर उखाणा लागतो. त्या उसळत्या पाण्यात यमक कुठून जुळवू?

मग तोंडातून निघालं ते निघालंच, अरे कौतिक, इकडं बघ! मागच्या होडीतून तुझ्या हेल्मेटवरच्या कॅमेऱ्याने तेवढं बरोबर टिपलं. जन्मात नवऱ्याचं नाव घेतलं नाही, आणि घेतलं ते अरे-तुरे करून. आता दूध द्यायला येणारी भिकुबाईसुद्धा दारातून तेच ओरडते. आणि हे? परत आल्यापासून धड बोलत नाहीत. जेवण झालं की फोन घेऊन ओट्यावर जाऊन बसतात. चारचौघांत त्यांचा मान घालवला मी, तो तुझ्या हौसेपायी. तुझ्या नव्या घराच्या वास्तुशांतीला मी येणार नाही. तिथे बठ्ठे नातेवाईक, झाडून सगळे, मला बघून दात काढतील.

कळावे. राग उतरेपर्यंत आशीर्वादावर भागव.
तुझी आई


देवपूर, धुळे
२४ नोव्हेंबर २०२४

ती. सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

वा गं वा! म्हणजे सगळं खापर माझ्या डोक्यावर? मी व्हिडिओ फक्त आबांना, तुझ्या ‘अहों’ना, पाठवला होता. ग्रुपवर त्यांनीच टाकला. चुकून नाही, मला विचारून विचारून टाकला. वर रोज दुपारी फोन करतात, की याचा आवाज अजून मोठा कसा करायचा. त्या नदीत माझा नवा चष्मा वाहून गेला, त्याची कोणी साधी चौकशी केली नाही, आणि गुन्हेगार मीच.

तुझ्या जावयाने, पियुषने, पूजेचं सगळं ठरवलंय. पण तू नसशील तर मी घरात पाऊल टाकणार नाही, सामान जिन्यात पडलं तरी चालेल. मला बोल लावण्याआधी आबांना विचार.

कळावे. माया चालू ठेव, आणि फोनही चालू कर.
तुझी भाविका


रावेर,
३० नोव्हेंबर २०२४

चि. सौ. भाविकास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

विचारलं. ओट्यावर जाऊन, कमरेवर हात ठेवून विचारलं, की माझी शोभा सगळ्या भावकीत का केलीत? हातातला फोन बाजूला ठेवला. मग म्हणाले, मले गावात बठ्ठे आबा म्हनतात, बाजारात शेठ, घरात तू अहो. माय गेल्यापासून नुसत्या नावानं मले कोनी हाक मारली नाही. नाकातोंडात पाणी गेलं होतं, वाटलं आता संपलं, आणि मागून अरे कौतिक ऐकू आलं. मायच आली वाटलं, म्हणून वळलो.

मला इतका संताप आला! एवढा जन्म एका घरात काढला, हे तोंडाने सांगता येत नव्हतं? आणि मी वेडी, मान गेला म्हणून झुरतेय. भाकरी थापता थापता रडले मी, रागानेच रडले.

वास्तुशांतीला आम्ही दोघे येतो. ज्यांना हसायचं त्यांना हसू दे. चष्मा नवीन घे.

आणि एक, कोणाला सांगू नकोस. आज दुपारी घरात दुसरं कोणी नाही बघून मी स्वयंपाकघरातून हळूच नावाने हाक मारली, अरे लावून. अहो म्हटलं की जागचा न हलणारा हा माणूस, ‘ओ माय’ म्हणत उठला.

कळावे. राग अजून आहे, पण कोणावर काढू ते कळत नाही.
तुझी आई