नाल्याची खोली कोणाकडे

मी, जीवराम त्र्यंबक फेगडे, वय ७४, पूर्वीचा धंदा लाऊडस्पीकर भाड्याने देणे, राहणार यावल, जिल्हा जळगाव, कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवतो. बुद्धी ठिकाणावर आहे, फक्त कान गेले आहेत. घरात दोन्ही एकच समजतात, म्हणून पहिल्यांदा हे वेगळे करून सांगितले.

१) घर, छोटा ट्रक, अ‍ॅम्प्लिफायर आणि डीजेचे सगळे खोके मुलगा नीलेश याला. माझे कान याच धंद्यात गेले. पस्तीस वर्षे वरातवाले "आवाज वाढव" म्हणत राहिले आणि मी वाढवत राहिलो. कानात कापूस घाल, असे नीलेशला दहादा सांगितले. आता लेखी सांगतो.

२) परसातली खोली आणि तिच्यातले बारा स्पीकर सून मयुरी हिला. नीलेशने तिथे खोके रचू नयेत. खोली कशासाठी, असे सगळे विचारतात, म्हणून शेवटचे सांगतो. अंधारात खाटेवर बसायचे. सातपुड्याच्या पायथ्याचा आपला नाला, मी १९८६ साली कॅसेटवर घेतला तसा, चारी बाजूंनी ऐकू येतो. मग मी जमवून ठेवल्याप्रमाणे एकेक आवाज कमी होतो. आधी रातकिडे, मग बारीक पाखरे, मग बेडूक. माझ्या कानातून ते याच क्रमाने गेले, आणि नाल्यावरूनही जवळपास तसेच. शेवटी बोअरच्या मोटारीची घरघर उरते. ती मला अजून येते. एवढे ऐकून लोक बाहेर येतात आणि विचारतात, "आबा, गाणं कधी लागते?"

३) चुलतभाऊ योगराज याला काही नाही. नाला सपाट करून त्याने केळी लावली, तेवढे त्याला पुरे.

४) कॅसेटी कॉम्प्युटरवर चढवायचे काम मी नीलेशला दिले, ही माझी चूक. दोन वर्षे मी ऐटीत लोकांना खोली दाखवली आणि लोक "वा आबा" म्हणत राहिले. खरे बोलली एकटी मयुरी. ओरडून भागेना, तर तिने कागदावर लिहिले : "आबा, अठी सुरुवातीलेबी रातकिडे नही." नीलेशला धरले. तो म्हणतो, "आबा, खरखर व्हती ते. मी साफ करी टाकली." धंद्याची सवय! आणि मूळ कॅसेटी? त्या भंगारवाल्याला दिल्या. मी चार दिवस जेवलो नाही. हा राग मी सोबत घेऊन जाणार, वाटणीत देणार नाही.

५) एक कॅसेट मात्र वाचली, कारण ती चांगल्या कॅसेटींत ठेवलीच नव्हती. दिवेलागणीला मी नाल्यावर टेप लावून बसलो असताना माझी पत्नी, कैलासवासी कुंदाबाई, बोलावायला आली, आणि मी कुजबुजून थांबवले तरी मधेच बोलली. मी चिडून घरी येईपर्यंत तिच्याशी अबोला धरला आणि घरी आल्यावर कॅसेट स्क्रूच्या डब्यात फेकली. ही कॅसेट मयुरीला. तिने ती आहे तशी खोलीत लावावी. नीलेशने हात लावू नये, माझ्यावर उपकार होतील.

तिच्यात रातकिडे आहेत की नाहीत, हे मला कळायला मार्ग नाही. मयुरी आहेत म्हणते, पण ती माझे मन राखायलाही म्हणेल. मी ती रोज आवाज पूर्ण वाढवून लावतो. मला शांतता ऐकू येते आणि मग कुंदाबाईचा आवाज : "हे रातकिडे किती किरकिर करी राह्यले, तुमचं बोलनंबी ऐकू नही येत मले!" त्यावर माझे "चूप बैस". माझे ते दोन शब्द काढले तरी चालतील. तिचे वाक्य काढू नये. रातकिडे होते, याला माझ्याकडे तेवढाच पुरावा आहे.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, असे वकिलांनी घातले होते, ते मी खोडले आहे. मी तो स्वतःच्या डोळ्यांनी वाचला, कबूल केला आणि साक्षीदारांसमोर सही केली.

(सही) जीवराम त्र्यंबक फेगडे

साक्षीदार : १) भिकन सोनवणे, माझ्याकडचा जुना वायरमन (सही). तोही बहिराच आहे.
२) ज्ञानेश्वर भारंबे, शेजारी (सही)

ठिकाण : यावल
दिनांक : ९ फेब्रुवारी २०२५